जास्परची जागा सीटखाली

कोमानी,
रविवार, ५ ऑगस्ट २०१८

प्रिय झोलानीदादा,

तुला, नोमोंडेवहिनीला आणि मुलांना माझा नमस्कार. आई बरी आहे, मी बरी आहे, जास्परही बरा आहे. त्याचं नाव काढलेलं तुला आवडत नाही हे माहीत आहे, पण घरात जेवढी तोंडं तेवढ्यांची खुशाली कळवायची, ही आपल्या आईची शिकवण.

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तरी "कामात आहे" म्हणून ठेवतोस. म्हणून हे पत्र. शाळेच्या संगणकावर टाइप करते आहे. एकेक ओळ झाली की संगणक मला ती वाचून दाखवतो, आणि त्याचा आवाज आहे एका इंग्रज बाईचा. आपल्या भाषेतले जिभेने टाळूवर टकटक करायचे आवाज आले की बिचारी ते सरळ गिळून पुढे जाते. तुझ्यावरचा राग लिहिला तरी तिच्या तोंडून तो चहाला बोलावल्यासारखा ऐकू येतो. त्यामुळे या पत्रात राग फार वेळ टिकेल असं मला वाटत नाही.

पत्र पाठवते आहे तुमच्या टॅक्सी संघटनेच्याच गाडीने. शेजारच्या मदलोमोकाकू उद्या स्टँडवर जाणार आहेत, त्या तुझ्या नावाचं पाकीट कुणातरी ड्रायव्हरच्या हातात देतील आणि ते तासाभरात तुझ्या दारात येईल. तुमचे ड्रायव्हर माझ्या कुत्र्याला नेत नाहीत, पत्र मात्र अगदी आनंदाने नेतात. पाकिटाचे केस गळत नाहीत ना!

आधी चांगली बातमी. आमच्या शाळेच्या गायनवृंदाने जिल्ह्यात पहिला नंबर काढला. आता प्रांताच्या फेरीला उमटाटाला जायचं आहे. खर्जातल्या पोरांचे आवाज ऐन वेळी फुटतात, आणि एक तर वरच्या 'सो'वर पोचला की दर वेळी शेळीसारखा ओरडतो, पण मुली सोन्यासारख्या गातात. परीक्षकांनी विचारलं, "बाई, तुम्हाला दिसत नाही, मग कोण चुकलं ते कळतं कसं?" मी म्हटलं, "तुम्हाला दिसतं, तरी तुम्ही कानांनीच ऐकता ना?" सगळे हसले. तू असतास तर सगळ्यांत मोठ्याने हसला असतास.

आईचे गुडघे थंडीने धरले आहेत. या ऑगस्टचा वारा काही विचारू नकोस, अंगणातली धूळ सरळ भांड्यात येते. तरी तिने काल उकडलेला पाव केला, आणि मक्याच्या कण्या-चवळीचं भांडं चुलीवर चढवलं. तुझा वाटा वेगळा काढून ठेवते, संध्याकाळपर्यंत वाट बघते आणि मग म्हणते, "आता जास्परला दे." मी देत नाही. त्याला माणसाचं जेवण चालत नाही. आईला ते पटत नाही. तिच्या मते कण्या-चवळी न खाणारा कुत्रा म्हणजे दुखणाईत कुत्रा.

मदलोमोकाकूंना अजून एका गोष्टीचा उलगडा होत नाही. परवा कुंपणावरून आईला विचारत होत्या, "का हो, जास्पर म्हणजे काय? टोमणा कुणाला आहे तो?" त्यांच्या स्वतःच्या कुत्र्याचं नाव तुला आठवतं ना? 'तुम्हीच-आधी-बोललात'. आपल्या आईशी भांडण झालं तेव्हा ठेवलं, आणि अजून त्याला हाक मारायची तर आपल्याच दाराकडे तोंड करून मारतात. आईने त्यांना सांगितलं, "अहो, हे नाव त्या जोहान्सबर्गच्या कुत्र्यांच्या शाळेतल्या लोकांनी ठेवलंय. कुणालाच काही म्हणायचं नाहीये त्यात." काकूंचा विश्वास बसला नाही. कुत्र्याचं नाव आहे आणि कुणालाच लागत नाही, असं कसं होईल?

तुझ्या नव्या पिल्लाचं नाव वहिनीने आईला सांगितलं, आईने मला. 'जा-कोर्टात'. दादा, शपथेवर सांगते, मी इतकी हसले की मला ठसका लागला. "जा-कोर्टात, इकडे ये! जा-कोर्टात, खाली बस!" तुझ्या गल्लीतून जाणारा परका माणूस वाट बदलत असेल. टोमणा पोचला बरं का. पत्ता बरोबर होता.

तर आता त्याच विषयावर येते.

मला वाट दाखवायला जास्पर आल्यापासून वर्ष झालं. या वर्षभरात मी आपल्या थांब्यावर उभी राहून गावाकडे जायच्या खुणेचं बोट वर केलं की टॅक्सी हळू होते, ते मला चाकांखालच्या खडीवरून कळतं. मग ड्रायव्हरला कुत्रा दिसतो आणि इंजिन पुन्हा गुरगुरतं. मग दुसरी. मग तिसरी. शेवटी आम्ही दोघं चालत निघतो. चालण्याचं मला काही नाही, जास्परला तर तेच हवं असतं. पण शाळा गावाच्या त्या टोकाला आहे. मुख्याध्यापक चांगला माणूस आहे, तरी मागच्या महिन्यात म्हणालाच, "मिस, मुलं हॉलमध्ये थांबून थांबून घरी जातात. पुन्हा असं झालं तर मला गायनाला दुसरं कुणी बघावं लागेल." दादा, मला दुसरं काही येत नाही. मला हेच येतं, आणि हे मला चांगलं येतं.

आणि मग मे महिन्यातला तो दिवस. एकदाची टॅक्सीत चढले, बसले, जास्पर सीटखाली गेला, दार लागलं, आणि पुलापाशी तुमच्या ड्रायव्हर लुबाबालोच्या लक्षात आलं की गाडीत कुत्रा आहे. त्याने गाडी थांबवली. "उतर. आत्ताच्या आत्ता." बाहेर गारा पडत होत्या. सगळी टॅक्सी गप्प होती. त्या दिवशी गाडीत कोण कोण होतं ते मी कोर्टातल्या अर्जात लिहिलेलं नाही. लिहायची गरज नव्हती.

अर्ज संघटनेविरुद्ध आहे, तुझ्याविरुद्ध नाही. आता संघटनेचा अध्यक्ष तू आहेस याला मी काय करू? निवडून दिलं तेव्हा मीच सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या होत्या.

तुझा निरोप आईने सांगितला. केस मागे घे, मी रोज माझ्या गाडीने सोडीन, कुत्र्यासकट. दादा, हे तू मनापासून म्हणालास हे मला कळतं. तरी माझं उत्तर नाही असं आहे. तुझ्या गाडीने गेले तर रोज सकाळी मला आधी तुझी तब्येत विचारावी लागेल, मग तुझा मूड, मग वहिनीचा. एखाद्या दिवशी आपलं भांडण झालं की मुलांचं गाणं बंद. मला तुझी गाडी नको. मला टॅक्सी हवी. तिघांच्या सीटवर चौघांत कोंबून बसायचं आहे, कुणाच्या तरी कोबीची पिशवी मांडीवर घ्यायची आहे. शिवाय माझ्यानंतर या गावात ज्या आंधळ्या माणसाला कुत्रा मिळेल, त्याचा भाऊ संघटनेचा अध्यक्ष नसेल. त्याने काय करायचं?

तारीख एकवीसला आहे. ये असं म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही.

तुझी लहान बहीण,
वुयेल्वा

.

कोमानी,
गुरुवार, २३ ऑगस्ट २०१८

प्रिय दादा,

सगळ्यांना नमस्कार. आई बरी आहे. वारा पडला. खर्जातल्या त्या पोराला मी खालच्या सुरात उभा केला, आता तो शेळी नाही, बैल झाला आहे. तेवढं चालतं.

परवा तू आला नाहीस. संघटनेतर्फे मातोतीकाका आले, तेव्हा तुला सगळं कळलंच असेल. पण मातोतीकाका गोष्ट सांगताना स्वतःची हार वगळून सांगतात. म्हणून माझ्याकडून ऐक.

समानता न्यायालय म्हणजे काही वेगळी इमारत नाही. तेच आपलं मॅजिस्ट्रेटचं कोर्ट, तीच करकरणारी बाकं, फक्त त्या दिवशी दाराला वेगळी पाटी. वकील लागत नाही. माझ्या बाजूला अंधांच्या संस्थेच्या फेब्रुवारीबाई बसल्या होत्या. हो, आडनावच फेब्रुवारी. मातोतीकाकांनी पहिल्यांदा त्यांना तारीखच समजून "आता तर ऑगस्ट आहे" असं सांगितलं.

काकांनी भाषण मात्र जोरदार ठोकलं. "मॅडम, आमच्या गाडीत चर्चला जाणाऱ्या बाया असतात. पांढरे कपडे. लहान मुलं असतात. आपल्या लोकांत कुत्रा अंगणात राहतो, घरातसुद्धा येत नाही. तो टॅक्सीत कसा येईल? म्हाताऱ्या बायका भीतीने मरतील!" आणि पुरावा म्हणून त्यांनी खालच्या आळीच्या मारादेबेआजींना साक्षीला आणलं होतं. आजी म्हणाल्या, "मला कुत्र्याची फार भीती वाटते. कुत्रा असेल त्या टॅक्सीत मी पाऊल टाकणार नाही. चालत जाईन, पण टाकणार नाही."

लुबाबालोने सांगितलं की जास्पर गुरगुरला आणि सगळ्या प्रवाशांनी तक्रार केली. बिचारा घाबरलेला होता, आवाज सारखा वर-खाली होत होता. माझ्या वर्गात असता तर मी त्याला दोन घोट पाणी पाजून बसवला असता.

मॅजिस्ट्रेटबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपण टॅक्सीत बसून बघू या." आणि खरंच अख्खं कोर्ट उठून रस्त्यावर आलं. लुबाबालोचीच गाडी बाहेर उभी होती. माणसं एकेक करून चढायला लागली, कारकून, शिपाई, दोन पोलीस. मी जास्परला आत जायला सांगितलं आणि तो चढला. मग कुणीतरी मारादेबेआजींना हात देऊन वर चढवलं, त्या खिडकीपाशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. गाडी कोर्टाला एक वळसा घालून परत आली. सगळे खाली उतरायच्या बेतात, तेवढ्यात आजी कुरकुरल्या, "आता किती वेळ बसायचं हो? तो कुत्रा आणायचा तर आणा एकदाचा, मला घरी जायचंय."

जास्पर त्यांच्याच सीटखाली होता. त्यांच्या बुटांवर हनुवटी ठेवून झोपला होता.

दादा, जो हशा पिकला तो तुमच्या स्टँडपर्यंत ऐकू आला असेल. आजी आधी किंचाळल्या, मग वाकून बघितलं, मग म्हणाल्या, "मला वाटलं कुणीतरी गरम पाण्याची पिशवी ठेवलीय पायाशी."

आत येऊन बाईंनी कायदा समजावून सांगितला, अगदी साध्या भाषेत. अपंग माणसाला चारचौघांत वावरायला जे लागतं ते अडवणं म्हणजे त्या माणसालाच अडवणं. "एखाद्याची कुबडी बाहेर ठेवून त्याला आत या म्हणता येत नाही," असं म्हणाल्या. "आणि ही मेहेरबानी नाही. हा तिचा हक्क आहे, तुम्हाला ती आवडो न आवडो." हे मी लगेच पाठ केलं. रात्री आईला म्हणून दाखवलं. आई म्हणाली, "आवडो न आवडो, हे बरोबर. तू काही सगळ्यांना आवडण्यासारखी नाहीसच."

आता जे लिहायचं टाळते आहे ते.

टॅक्सीकडे जायच्या आधी बाईंनी मला साक्षीत विचारलं होतं, "ड्रायव्हर म्हणतो कुत्रा गुरगुरला. तुम्ही म्हणता नाही. त्या दिवशी पुढच्या सीटवर कुणी होतं का? त्या माणसाला बोलावता येईल." मी शपथ घेतलेली होती. मी म्हटलं, "होतं कुणीतरी. ते काही बोलले नाहीत." बाई म्हणाल्या, "कोण ते तुम्हाला माहीत आहे?" तेव्हा लुबाबालोला एकदम जोराचा खोकला आला. मी म्हटलं, "बाई, ज्याने मला उतरवलं त्याचं नाव मी दिलंय. बाकी कुणाबद्दल माझी तक्रार नाही. नाव सांगायची सक्ती करू नका." त्यांचं पेन कागदावर चाललं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. गरज पडली तर विचारीन." मग टॅक्सीत आजींनी गरजच ठेवली नाही.

दादा, ते तू होतास हे मला माहीत आहे. त्याच क्षणापासून माहीत आहे. जास्पर पट्टा चढवलेला असताना कुणासाठी शेपूट हलवत नाही, त्याला तसं शिकवलंय. पण तू ईस्टरला त्याला चोरून मटणाचं हाड दिलं होतंस, मला वाटतं म्हणून त्याचा कायदा तुझ्यापुरता ढिला आहे. मी दारातून आत आले आणि त्याची शेपूट माझ्या पोटरीवर धपाधप आपटायला लागली. शिवाय तुझ्या खांद्याला लावायच्या मलमाचा वास. त्या मलमाचा वास तर बहिऱ्यालाही ऐकू येईल.

मी पायरीवर मुद्दाम थांबले होते. लुबाबालो "उतर" म्हणत होता, गारा टपावर वाजत होत्या, आणि मी पट्टा नीट करायचं नाटक करत तिथे उभी होते. मला वाटलं, आता झोलानी म्हणेल, "राहू दे रे, माझी बहीण आहे." तू नाही म्हणालास. मग मी उतरले. मला फार वाईट वाटलं, दादा. पुलावरून चालताना मी रडले, आणि तोंडावर गारांचं पाणी असल्याने ते कुणाला कळलं नाही. हे मी आईलाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

पण त्यानंतर मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तू जर त्या दिवशी "माझी बहीण आहे" म्हणाला असतास, तर मी निमूट बसून शाळेत गेले असते. रोज गेले असते. अध्यक्षांची बहीण म्हणून. आणि कोर्टाची पायरी कधी चढले नसते. म्हणजे तुझ्या गप्प बसण्याने मला जे मिळालं ते तुझ्या बोलण्याने मिळालं नसतं. हे मी तुझी समजूत घालायला लिहीत नाही. मला ते तसं दिसतं, म्हणून लिहिते.

तू का गप्प बसलास तेही मला थोडंफार ठाऊक आहे. ड्रायव्हरांसमोर अध्यक्षाने स्वतःच्या घरच्यांची बाजू कशी घ्यायची, हा एक भाग. दुसरा भाग आईने सांगितला. तू तिला म्हणालास, "लहानपणापासून माझ्या हाताला धरून चालली, आणि आता हिला चार पायांचा जास्त भरवशाचा वाटतो." म्हणालास ना? काठीचं एक टोक तुझ्या हातात आणि एक माझ्या, असे आपण नदीवरून शाळेत जायचो. पोरं चिडवायची, "झोलानी शेळी घेऊन निघाला!" आणि तू दगड मारायचास त्यांना. खड्डा आला की काठी एकदा हलवायचास, दगड आला की दोनदा. मी विसरलेली नाही.

पण तू मला चालवलंस म्हणूनच मला चालायची चटक लागली ना, दादा. आपल्या वस्तीत माझ्यासारखे आणखी आहेत. त्यांच्या हातात कुणी काठीचं टोक दिलं नाही, ते घराच्या भिंतीला पाठ लावून बसलेले आहेत, दिवसभर. जास्परने तुझी जागा घेतलेली नाही. तू जिथपर्यंत आणून सोडलंस तिथून पुढे तो नेतो.

कोर्टाचा हुकूम असा की सप्टेंबरपासून कुठल्याही टॅक्सीने वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला नाकारायचं नाही, सगळ्या ड्रायव्हरांनी फेब्रुवारीबाईंकडे शिकायला जायचं, आणि संघटनेने स्टँडवर सर्वांसमोर माफी वाचायची. पहिल्या शनिवारी मातोतीकाका वाचतील असं कळलं. चालेल. मला दंड नको होता, तो मी मागितलाही नाही. तुझी माफीही मी कोर्टाकडे मागितली नाही, कारण ती कोर्टाच्या हातात नाही.

वहिनीला सांग, आईने तिच्यासाठी आलं घालून पेय मुरत ठेवलंय. येऊन घेऊन जावं. तू आलास तरी बाटली तीच आहे.

तुझी,
वुयेल्वा

.

कोमानी,
मंगळवार, ११ सप्टेंबर २०१८

प्रिय दादा,

नमस्कार. सगळे मजेत. उमटाटाला आमचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर आलेल्या शाळेचे खर्ज आमच्यापेक्षा चांगले होते, हे मान्य करावं लागेल.

शनिवारच्या माफीला तू नव्हतास. मातोतीकाकांनी कर्ण्यातून ती अशी वाचली की निम्म्या लोकांना वाटलं संघटनेने मला काही बक्षीस दिलंय. दोन बायांनी येऊन माझं अभिनंदन केलं. मी आभार मानले.

फेब्रुवारीबाईंकडे पहिली तुकडी गेली त्यात लुबाबालो होता. त्यांनी त्याच्या डोळ्यांना फडकं बांधलं आणि त्याला स्टँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. तो भाजलेल्या कणसांच्या शेगडीशी जाऊन थांबला आणि तिथल्या बाईला "मावशी, मी कुठे आहे?" असं विचारलं. त्याने स्वतःच हे मला येऊन सांगितलं आणि वर म्हणाला, "ताई, त्या दिवशी पाऊस होता." मी म्हटलं, "गारा होत्या." तो म्हणाला, "हो, गारा होत्या." बस, एवढंच. आमचं मिटलं.

आता कालची सोमवारची गोष्ट. तुला सगळी ठाऊक आहे, तरी मी लिहिणार आहे, कारण तुला फक्त गाडीच्या पुढच्या बाजूची ठाऊक आहे.

मी थांब्यावर बोट वर केलं. पहिलीच टॅक्सी थांबली. कुणी काही विचारलं नाही. मी चढले, जास्पर सीटखाली गेला, एका बाईने न विचारता माझ्या मांडीवर पालकाची जुडी ठेवली. मी आत सरकले आणि दार ओढून घेतलं, आनंदाच्या भरात जरा जास्तच जोरात. सगळी गाडी हादरली.

आणि पुढून आवाज आला, "ए बाई! दार आहे ते, बैलगाडीचा खुंटा नाही! जरा हळू लावायचं! सगळ्यांना सांगून सांगून माझा घसा बसला!"

तुझा आवाज मी लगेच ओळखला. तू किती वर्षं गाडी चालवलेली नाहीस, दादा. अध्यक्ष झाल्यापासून तुझा हात चाकाला लागला नव्हता. लुबाबालोची पाळी तू का घेतलीस ते मी विचारणार नाही. फोनवरचं "कामात आहे" सोडलं तर मे महिन्यापासून तू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे होतं, आणि ते शिवी घालायच्या सुरात होतं, आणि मागच्या सीटवरचा एक माणूस म्हणाला, "बरोबर आहे, ड्रायव्हर, या बाया दारं मोडतात." सगळे हसले. पालकवाल्या बाईने मला कोपर मारून सांगितलं, "मनाला लावून घेऊ नकोस गं, हा सगळ्यांनाच ओरडतो."

सगळ्यांनाच ओरडतो. मी खाली मान घालून हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि या वेळी लपवायला गारा नव्हत्या.

मी "सॉरी, ड्रायव्हर" म्हटलं. दादा म्हटलं नाही. तिथे तू ड्रायव्हर होतास आणि मी पॅसेंजर, आणि एवढ्यासाठीच तर मी कोर्टात गेले होते. शाळेपाशी तू "शाळा!" अशी हाळी दिलीस, मी उतरले, तू गेलास. जास्त काही बोलला नाहीस त्याबद्दल तुझे आभार. घरी येशील तेव्हा बोलू.

वेळेवर पोचले. हॉलमध्ये सगळी मुलं होती.

दार हळू लावायला शिकत असलेली,
तुझी पॅसेंजर
वुयेल्वा